प्रतिसाद: तेल जमिनीतच ठेवण्याचा मोबदला

श्रीमंत देशांनी भरपाई दिली तर गरीब देश तेल जमिनीतच राहू देतील, हे वरचं म्हणणं तत्त्वतः पटतं. पण हा प्रयोग होऊन गेलाय. २००७ मध्ये इक्वाडोरने यासुनीच्या जंगलाखालचं तेल न काढण्याच्या बदल्यात जगाकडे ३.६ अब्ज डॉलर मागितले. म्हणजे अंदाजे उत्पन्नाच्या निम्मेच. उरलेलं नुकसान तो देश स्वतः सोसणार होता! संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निधीही उभारला. २०१३ पर्यंत हातात पडले जेमतेम १.३ कोटी डॉलर. मग राष्ट्राध्यक्ष कोरेयांनी योजना गुंडाळली आणि २०१६ मध्ये तिथे उपसा सुरू झाला.

तो थांबवायचा कौल अखेर दिला तिथल्याच मतदारांनी, ऑगस्ट २०२३ च्या सार्वमतात, सुमारे ५९ टक्क्यांनी. तेलावर पोसलेल्या तिजोरीला खड्डा पडणार हे माहीत असूनही. भरपाईचा पहिला हक्क माझ्या मते त्यांचाच आहे.