तिसऱ्या मजल्याची गॅलरी: आज काय करायचं?

वहिनी (खोली ३१): आमच्या दारासमोरच्या गॅलरीची लादी रात्रीच्या पावसात आणखी खचली. खालच्या लोखंडी तुळईचे गंजून पापुद्रे सुटलेत. फोटो टाकलेत. मुलांना तिकडून सोडू नका.

काका (खोली ९): मालकाच्या मॅनेजरला फोन केला. म्हणतो, पाऊस ओसरला की बघू.

दादा (खोली २७): सगळ्यांना विचारतो, म्हाडाला, म्हणजे सरकारी गृहनिर्माण प्राधिकरणाला, कळवायचंच का? इंजिनीअर आला की बिल्डिंग धोकादायक ठरणार, नोटीस लागणार, मग संक्रमण शिबिर, म्हणजे म्हाडाची तात्पुरती घरं. माझ्या मावशीला थोड्या दिवसांचं सांगून नेलं होतं, तिचं अख्खं आयुष्य तिथेच गेलं.

काकू (खोली ३): मलाही तीच धास्ती आहे. मुलाची दहावी आहे यंदा.

ताई (खोली १४): दादा, मावशींचं खोटं नाही. शिबिरात पिढी गेलेली कुटुंबं मीही ओळखते. पण त्या भीतीपोटी तुळई झाकून ठेवणं मला मान्य नाही. जरा लांब लिहिते, वाचा.

आपली बिल्डिंग १९४० च्या आधीची, म्हणजे ‘अ’ वर्गातली उपकरप्राप्त, जिच्यासाठी दुरुस्तीचा उपकर (सेस) भरला जातो. साठच्या दशकात मुंबईत जुन्या इमारती एकामागून एक पडत होत्या. मालक म्हणायचे, गोठवलेल्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही. बेडेकर समिती नेमली गेली आणि १९६९ मध्ये कायदा आला. भाडेकरूंकडून उपकर घ्यायचा आणि सरकारी दुरुस्ती मंडळाने इमारतीच्या सांगाड्याची दुरुस्ती करायची. पुढे ते मंडळ म्हाडात गेलं. तो सेस आजही मालमत्ता कराबरोबर भरला जातो, आणि आपल्या पावतीत भाड्याखाली त्याची वेगळी ओळ असते. म्हणजे आपण मेहेरबानी मागत नाही आहोत. ज्या कामासाठी पैसे भरतो, ते काम मागतोय.

तुळया, खांब, जिना, गॅलरी, छप्पर ही सांगाड्याची कामं मंडळाची. खोलीतला नळ, दार-खिडकी, रंग यात मंडळ पडत नाही.

काका (खोली ९): मग मालक मोकळाच?

ताई (खोली १४): नाही काका. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४. जागा राहण्याजोगी ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत काम केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात. पण वर्षाला फक्त एकूण भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंत. महिना दीडशे रुपये भाडं धरा. वर्षाचे १,८०० झाले, त्याचा पाव हिस्सा ४५०. त्यात गवंड्याची अर्ध्या दिवसाचीही मजुरी निघायची नाही! कागदावर हक्क आहे, पण पागडीच्या भाड्यात तो गॅलरीला पुरत नाही. म्हणून मंडळाकडे जायचं.

वहिनी (खोली ३१): पण दादा म्हणतात ते नोटिशीचं?

ताई (खोली १४): प्रत्येक नोटीस पाडकामाची नसते. महापालिकेची वर्गवारी बघा. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. सी-२बी म्हणजे रिकामी न करता सांगाड्याची दुरुस्ती. सी-३ किरकोळ. वेळेत कळवलं तर टेकू लावून, तुळई बदलून भागण्याची शक्यता जास्त. दुरुस्तीच्या खर्चाला दर चौरस मीटरमागे मर्यादा आहे. खर्च त्यावर गेला की इमारत दुरुस्तीपलीकडची ठरू शकते, नाहीतर वरचे पैसे आपल्याला घालावे लागतात. जितकं थांबू तितके आपण त्या मर्यादेजवळ जातो. दादा, ज्याची तुम्हाला भीती आहे ते गप्प बसल्यानेच लवकर येईल.

आणि खोली खाली करायला लागलीच, तर भाडेकरूचा हक्क त्याने संपत नाही. भाडेपावत्या, लाइट बिल, रेशनकार्ड, सगळ्यांच्या झेरॉक्स आजच काढा. मॅनेजर पावती देत नसेल तर लेखी मागा. पावती देणं कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे.

दादा (खोली २७): ताई, तुमचं पटतंय, पण शिबिराचा विश्वास बसत नाही.

ताई (खोली १४): तो बसावा असं मी म्हणणारही नाही. तसा प्रसंग आलाच तर कुठे, किती काळासाठी, हे लेखी घेतल्याशिवाय सही करायची नाही. मात्र पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी बिल्डिंग आठवा. ३१ ऑगस्ट २०१७ ची सकाळ, ३३ माणसं गेली. ती आधीच धोकादायक ठरलेली होती. ती बातमी वाचल्यापासून मला असल्या तुळईखालून चालवत नाही.

मुलगी (खोली १८): आत्ता कुठे फोन करायचा? उद्या शनिवार.

ताई (खोली १४): ताडदेवच्या रजनी महलमध्ये दुरुस्ती मंडळाचा नियंत्रण कक्ष आहे, पावसाळ्यात चोवीस तास चालतो. फोन केलास की तक्रार क्रमांक आणि घेणाऱ्याचं नाव लिहून घे. नुसत्या फोनवर थांबायचं नाही. सोमवारी लेखी अर्ज, सोबत फोटो, आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून पोच. पोच नसेल तर सहा महिन्यांनी कोणी ओळख देत नाही.

आजोबा (खोली २२): मॅनेजर काल म्हणाला, तक्रार केलीत तर पाण्याचा पंप बंद.

ताई (खोली १४): आजोबा, कलम २९. पाणी, वीज, जिन्यातला दिवा मालकाला सबळ कारणाशिवाय तोडता येत नाही. तो कधी आणि कोणासमोर बोलला, तेवढं वहीत लिहून ठेवा.

काकू (खोली ३): अर्जावर सही करते मी.

ताई (खोली १४): आठ वाजता माझ्या दारात या सगळे, अर्ज लिहून ठेवते. वहिनी, तुम्ही आणि बत्तीस नंबरवाल्यांनी आज रात्री तिथे झोपू नका. आमची पुढची खोली मोकळी आहे, अंथरुणं घेऊन या.

दादा (खोली २७): माझ्याकडे दोन बांबू आणि दोरी आहे. गॅलरीचा तो भाग आत्ताच बंद करतो. अर्जाला मी येतो.