मदत हवी आहे : बागकामाच्या वेबसाईटवर सेवांची पानं कशी लिहायची? (तातडीचं)

हिरवं_अंगण
नमस्कार मंडळी. लॉन, बगीचा, टेरेस गार्डनची कामं घेतो. वेबसाईट करून घेतली, पैसेही पूर्ण चुकते केले, पण तिच्यावरून एक धड चौकशी येत नाही. साईट करणारा म्हणतो, सर्व्हिस पेजचा मजकूर कमजोर आहे, नवा तुम्हीच लिहून द्या. आता काय लिहू? पावसाळ्याची कामं आत्ताच धरावी लागतात, त्यामुळे या आठवड्यात पानं हवीतच. कोणाकडे तयार नमुना असेल तर टाका, लगेच चढवतो.

तापीतीर
गाव कोणतं? गिऱ्हाईक बंगलेवाले की शाळा, मंगल कार्यालयं? साईट मराठीत की इंग्रजीत? यातलं काहीच लिहिलं नाही भाऊ, नमुना कशाचा द्यायचा?

हिरवं_अंगण
जळगाव. गिऱ्हाईक सगळंच. साईट इंग्रजीत. नमुना द्या ना.

भुसावळकर
सर्व्हिस पेजचा नाद सोडा भो. गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगलच्या नकाशावर दिसणारी धंद्याची नोंद) नीट भरा, कामाचे फोटो टाका, काम झालं की गिऱ्हाइकाकडून तिथल्या तिथे रिव्ह्यू लिहून घ्या. माझं फॅब्रिकेशनचं काम त्याच्यावरच चालतं. वेबसाईट केलीच नाही मी.

शब्दमळा
प्रोफाइल हवंच, त्यात वाद नाही. पण गेट बसवणं आणि अख्खा बगीचा करून घेणं यात फरक आहे. बगीच्याला मोठी रक्कम घालणारा माणूस आधी दहा गोष्टी वाचतो, घरच्यांना दाखवतो, मग फोन करतो. अंगणदादा, आत्ता पानावर जे आहे ते जसंच्या तसं इथे चिकटवा.

हिरवं_अंगण
इंग्रजीत आहे, मराठीत सांगतो : "आम्ही लँडस्केपिंग क्षेत्रातील अग्रगण्य कंपनी असून ग्राहकांच्या समाधानाला सर्वोच्च प्राधान्य देतो. आमची अनुभवी टीम आपल्या स्वप्नातील बाग साकारते. लॉन, गार्डन डिझाइन, टेरेस गार्डन, व्हर्टिकल गार्डन, कारंजी, देखभाल. आजच संपर्क करा." सगळ्या सेवा याच एका पानावर आहेत.

शिरपूरचा_पोऱ्या
एवढं टेन्शन कशाला? चॅटजीपीटीला सांगा, दोन मिनिटांत दहा पानं देतो.

शब्दमळा
देईल, आणि दहाही पानांवर हीच स्वप्नातली बाग असेल. जळगावच्या मे महिन्यात तुमच्या हातचं लॉन कसं टिकतं, हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कुठून कळणार?

दादा, एकच सांगा. नवं गिऱ्हाईक फोनवर पहिल्यांदा काय विचारतं?

हिरवं_अंगण
तेच ते. उन्हाळ्यात टिकेल का. पाणी किती लागेल. आमची काळी माती आहे, चालेल का. फुटाला काय भाव. आणि नंतर बघणार कोण. रोज हेच सांगून घसा बसतो.

शब्दमळा
मग तुमचं पान तयारच आहे. हे पाच प्रश्न घ्या आणि फोनवर जे उत्तर देता तेच लिहा, त्याच शब्दांत. "अग्रगण्य" आणि "सर्वोच्च प्राधान्य" काढून टाका, ते राज्यातल्या प्रत्येक साईटवर आहे.

दुसरं, एका सेवेला एक पान. लॉनवाल्याला कारंजं नको असतं आणि गच्चीवाल्याला काळ्या मातीशी घेणं नसतं. सगळं एकत्र कोंबलं की पान नेमकं कशाचं हे गूगललाही कळत नाही, माणसालाही नाही. आधी ज्या कामात चार पैसे सुटतात आणि जे तुम्हाला जास्त हवंय, त्याचं पान लिहा. बाकीची सावकाश.

चोपडाकर_काका
मुळात खान्देशात लॉन लावूच नये, हे माझं स्पष्ट मत आहे. पारा ४५ च्या वर जातो, बोअर आटतात, आणि लोक गवताला पाणी पाजतात. कडुनिंब लावा, बहावा लावा. आमच्या आजोबांच्या अंगणात गवताची काडी नव्हती, पण भर दुपारी बाज टाकून झोपता येत होतं.

हिरवं_अंगण
काका, मी पोट भरायला धंदा करतो. गिऱ्हाईक लॉन मागतं.

तापीतीर
काकांचा मुद्दा धाग्याबाहेरचा वाटला तरी पानाला उपयोगी आहे. पाण्याचा आकडा सरळ लिहा. १००० चौरस फूट म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. कडक उन्हाळ्यात गवताला दिवसाला ६ मिलिमीटर पाणी धरलं, तर १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे १ लिटर या हिशेबाने साधारण ५६० लिटर झाले. घरची टाकी १००० लिटरची असेल तर अर्ध्याहून जास्त रोज लॉनलाच जाईल. ज्याला हे झेपणार नाही त्याला तिथेच सांगा : समोर छोटा पट्टा लॉनचा ठेवा, बाकी जागेत फरशी, मुरूम आणि कमी पाण्याची झाडं. हे दुसरं कामही तुम्हीच करता ना?

हिरवं_अंगण
करतो की. बोगनवेल, कण्हेर, चाफा, ठिबकसह. पण ते साईटवर कुठेच नाही.

चोपडाकर_काका
हे मात्र पटलं. त्याचं वेगळं पान करा. माझ्यासारखे बरेच जण वाचतील.

मोगरा_प्रेमी
विषयाबाहेरचं आहे, पण मोगऱ्याला फुलं कमी येत असतील तर थंडी सरता सरता छाटणी करा, पाला काढा आणि पाण्याचा थोडा ताण द्या. उन्हाळ्यात भरभरून येतात.

भुसावळकर
बाकी ठीक, पण भाव पानावर टाकू नका. समोरची पार्टी तो वाचून पाच रुपये कमी सांगते, आणि गिऱ्हाईक तोच आकडा धरून बसतं.

शब्दमळा
मला पटत नाही. भाव दिसला नाही की माणूस दुसरीकडे विचारायला जातो. एकच आकडा देऊ नका, कुठपासून कुठपर्यंत ते द्या आणि आकडा कशाने बदलतो ते लिहा. नुसतं गवत अंथरायचं की खालची काळी माती काढून भर टाकायची? ट्रॅक्टर आतपर्यंत जातो की माती घमेल्याने वाहायची? स्प्रिंकलर धरून की सोडून? हे वाचलेला माणूस पाच रुपयांसाठी तुम्हाला सोडत नाही, उलट त्या दुसऱ्यालाच विचारतो की तुमच्या भावात माती आहे का.

भुसावळकर
तुमच्याकडे शिकलेलं गिऱ्हाईक येत असेल ताई. आमच्याकडे आकडा पाहिला की पुढचं कोणी वाचत नाही.

हिरवं_अंगण
दोघांचं थोडं थोडं खरं आहे. माझं निम्मं भांडण मातीवरूनच होतं. लोकांना वाटतं गवत आणलं, अंथरलं, झालं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगून पाणी धरते, लॉन वर-खाली होतं. खाली मुरूम, वर लाल माती आणि कुजलेलं शेणखत हे करावंच लागतं. हे आधीच लिहिलं तर कामाच्या जागेवर जाऊन वाद घालावा लागणार नाही.

कोडकरी
मूळचा पाचोऱ्याचा, पुण्यात वेबसाईटचंच काम करतो. तुमच्या साईटवाल्याने तालुक्यांची पानं केली आहेत का? "लॉन सर्व्हिस पाचोरा", "लॉन सर्व्हिस अमळनेर", खाली मजकूर एकच?

हिरवं_अंगण
हो. पंधरा आहेत. त्याचे वेगळे पैसे घेतले.

कोडकरी
काढायला सांगा. गावाचं नाव बदलून तोच मजकूर ठेवलेली पानं गूगलच्या नियमांत स्पॅम धरली जातात. अमळनेरला खरंच काम केलं असेल तर त्या कामाचं पान करा : जागा किती, अडचण काय होती, काय केलं, फोटो. कीवर्ड टॅगचे (पानाच्या कोडमध्ये लपवलेल्या शोधशब्दांच्या यादीचे) पैसे मागितले तर देऊ नका, क्रमवारीसाठी तो टॅग आपण बघत नाही हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. शीर्षकात सेवा आणि गाव स्पष्ट हवं. आणि फोटो नेटवरून उचललेले आहेत का?

हिरवं_अंगण
त्याने टाकलेत. कुठल्यातरी परदेशातले बंगले आहेत.

कोडकरी
सगळे काढा. उतरतं कौलारू छप्पर आणि मागे पाईनची झाडं पाहून जळगावचा माणूस काय समजायचं ते समजतो. तुमच्या कामाचे टाका, एकाच जागेवर उभं राहून घेतलेले : आधीचा, लावणीनंतरचा आणि पुढच्या मे महिन्यातला. मे महिन्यातला फोटो असेल तर तो सर्वात वर. मालकाची परवानगी घ्या. मोबाईलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो २०० केबीच्या आत आणा, नाहीतर गावाकडच्या नेटवर पान उघडतच नाही.

तापीतीर
आणखी एक. "लॉन्स" शोधणारे बरेच जण लग्नाचा हॉल शोधत असतात. तसले फोन येतात का?

हिरवं_अंगण
येतात ना! "तारीख मोकळी आहे का" विचारतात. शीर्षकात फक्त "लॉन्स जळगाव" आहे.

कोडकरी
"लॉन लावणे" किंवा "लॉन लागवड" करा. आणि मराठी पान वेगळं ठेवा, एकाच पानावर दोन्ही भाषा मिसळू नका.

हिरवं_अंगण
हे लिहिलंय, सांगा :

"जळगाव आणि परिसरात लॉन लावून मिळेल, माती भरण्यापासून पहिल्या कापणीपर्यंत. तुमची जमीन काळी असेल तर आम्ही वरचा थर काढून मुरूम, लाल माती आणि शेणखताची भर टाकतो, नाहीतर पावसाळ्यात पाणी साचतं. १००० चौरस फुटाला कडक उन्हाळ्यात रोज साधारण साडेपाचशे-सहाशे लिटर पाणी लागतं. तेवढं नसेल तर आधी सांगा, आम्ही कमी पाण्याचा बगीचा सुचवू. दाट सावलीत लॉन नीट येत नाही, तिथे लावण्याचा आग्रह धरू नका. जागेचा फोटो आणि लांबी-रुंदी व्हॉट्सॲपवर पाठवा, अंदाजे खर्च कळवतो."

शब्दमळा
उत्तम. "आग्रह धरू नका"च्या जागी "तिथे सावलीतली झाडं लावून देतो" करा. देखभाल राहिली : कापणी, खत, तण काढणं, कोण करणार आणि किती दिवसांनी, ते दोन ओळींत घाला.

भुसावळकर
आणि फोन कधी उचलता तेही लिहा. दिवसभर कामाच्या जागेवर असता, गिऱ्हाईक दोनदा लावतं आणि सोडून देतं.

हिरवं_अंगण
घालतो. भाव सध्या लॉनच्या पानावर कुठपासून कुठपर्यंत तेवढाच टाकतो, फोन कसे येतात बघू. टेरेसचं पान उद्या इथे टाकतो, त्यात सुरुवात गळतीपासून करतोय. स्लॅबवर वजन किती येईल आणि वॉटरप्रूफिंग आधी की नंतर, लोक पहिलं तेच विचारतात.