अनुभव धागा : क्रूझच्या थांब्यात गावच्या फेरीबोटीने केलेला प्रवास

शाहूपुरी
गेल्या आठवड्यात नृसिंहवाडीला गेलो होतो. दर्शन झाल्यावर नावेने पलीकडे औरवाडला अमरेश्वराच्या दर्शनाला निघालो, तेव्हा शेजारच्या आजी दुधाची किटली पायांत घट्ट धरून नावाड्याशी उसाच्या बिलाविषयी बोलत होत्या. त्यांचे बोलणे ऐकताना मला एकाएकी कोचीची बोट आठवली आणि हे लिहावेसे वाटले.

मुंबईहून निघालेल्या क्रूझने आम्ही दोघे गेलो होतो. जहाज विलिंग्डन बेटाच्या धक्क्याला लागले. बंदराची वाट खोल करताना उपसलेल्या गाळाचा भराव घालून हे बेट उभारले गेले आहे. बरोबरचे बहुतेक प्रवासी जहाजाने ठरवलेल्या वातानुकूलित बसमध्ये बसले. आम्ही मात्र रिक्षाने एर्नाकुलमच्या बोट जेटीवर आलो आणि केरळच्या राज्य जलवाहतूक विभागाच्या बोटीचे फोर्ट कोचीचे तिकीट काढले. ते दहा रुपयांच्याही आतले होते. बोटीत गणवेशातली मुले, कार्यालयात निघालेल्या बायका आणि वर्तमानपत्रात डोके घातलेले एक गृहस्थ होते. आमच्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही, आणि तेच मला फार आवडले.

सुकाणूवरचा सारंग पुढे उभा असतो आणि इंजिन चालवणारा खाली, त्याला समोरचे काहीही दिसत नाही. सारंग दोरी ओढतो, खाली घंटा वाजते, आणि त्या टोलांवरून पुढे, मागे की थांबायचे हे खालच्या माणसाला कळते. धक्का हातभर अंतरावर आला की खलाशी उडी मारून दोर खुंटाला गुंडाळतो आणि बोट पुरती स्थिरावण्याआधीच अर्धे लोक उतरलेले असतात. मासे पकडायची मोठी चिनी जाळी आम्ही पाहिली. १५२४ साली वास्को द गामाला ज्या चर्चमध्ये पुरले होते आणि जिथून १५३९ साली त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, ते सेंट फ्रान्सिस चर्चही पाहिले. बसने गेलेल्यांनीही हे सगळे पाहिलेच. परंतु कोचीचा माणूस सकाळी कामावर कसा जातो, हे त्यांना दिसले नाही.

जहाज बंदरात काही तास थांबलेले असताना ज्यांनी गावच्या फेरीने प्रवास केला असेल, त्यांनी येथे सविस्तर लिहावे, ही विनंती.

राजारामपुरी
हाँगकाँगची स्टार फेरी. आमचे जहाज हाँगकाँग बेटासमोरच्या कौलून बाजूच्या ओशन टर्मिनलला लागले होते आणि फेरीचा धक्का तिथून चालत काही मिनिटांवर आहे, त्यामुळे वाहन शोधण्याचा प्रश्नच आला नाही. ही बोट दोन्ही टोकांनी सारखीच असते. ती वळत नाही, आली तशीच उलट परत जाते, म्हणून बाकांच्या पाठी पुढेमागे ढकलता येतात आणि आत येणारा प्रत्येक जण सवयीने खाडकन पाठ उलटवून बसतो. वरच्या मजल्यापेक्षा खालच्या मजल्याचे तिकीट स्वस्त आहे. खाली इंजिनाची धडधड तळपायांना जाणवते आणि पाणी अगदी जवळून दिसते, म्हणून मी जाताना आणि येताना खालीच बसले.

ही सेवा सुरू करणारे गृहस्थ मुंबईहून गेलेले पारशी होते, दोराबजी नौरोजी मिठाईवाला. १८८८ साली त्यांनी कंपनी काढली आणि १८९८ साली तिला स्टार फेरी हे नाव मिळाले. परक्या बंदरात हे कळल्यावर मला किती आनंद झाला, ते शब्दांत सांगता येणार नाही.

मंगळवार पेठ
मिठाईवाला यांच्याविषयी प्रथमच वाचले. ताई, मनापासून आभार. सध्या दुकानात आहे, रात्री निवांत लिहीन.

कसबा बावडा
शाहूपुरीचे काका, आम्ही डिसेंबरमध्ये आईला घेऊन याच क्रूझने जाणार आहोत. तिचे दोन्ही गुडघे दुखतात. बोट स्थिर होण्याआधी लोक उतरतात, हे वाचून काळजी वाटली. तिला जमेल का?

शाहूपुरी
बावड्याच्या ताई, आईंना त्या बोटीने नेऊ नका. त्यांच्यासाठी कोची वॉटर मेट्रो योग्य ठरेल. एप्रिल २०२३ मध्ये ती सुरू झाली आणि आता हायकोर्ट जेटीवरून फोर्ट कोचीलाही जाते. तिचा धक्का तरंगता आहे. भरती-ओहोटीबरोबर तोही वरखाली होतो, त्यामुळे बोटीचा डेक आणि धक्का एका पातळीत राहतात आणि पायरी चढावी लागत नाही. बोट बॅटरीवर चालते, त्यामुळे धूर किंवा खडखडाट नाही. माझ्या बहिणीला चाकाच्या खुर्चीवरून आत नेले होते, तेव्हा तेथील कर्मचाऱ्यांनी फार आपुलकीने मदत केली. गर्दी टाळण्यासाठी सकाळी लवकर जावे.

जयसिंगपूर
क्रूझ अजून घडलेली नाही, तरीही लिहितो, कारण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. दाभोळ-धोपावे फेरीत गाडी चढवून आम्ही दर उन्हाळ्यात गुहागरला जातो आणि मुले दाराची फळी खाली येण्याची वाट पाहत उभी असतात. एक विनंती सर्वांना आहे. देश कोणताही असो, बोटीत बसताच लाइफ जॅकेट कुठे ठेवली आहेत, ते पाहून घ्या आणि मुलांच्या मापाचे आहे का, ते विचारा. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या बोटीचा अपघात झाल्यापासून मी ते न विचारता बसत नाही.

कसबा बावडा
काका, खूप आभार. आईला वाचून दाखवले. मासे पाहायला मिळतील का, एवढेच तिने विचारले!

ताराबाई पार्क
इस्तंबूलला जहाज गलातापोर्ट या क्रूझ बंदराला लागले. तिथून काराकॉयचा धक्का चालत जाण्याइतका जवळ आहे आणि काराकॉयहून कादिकॉयला जाणारी फेरी साधारण वीस मिनिटांत युरोपातून आशियात नेऊन सोडते. तिकडचे लोक या प्रवासाला नित्याचाच मानतात, आमच्यासारखे नवखे मात्र कठड्याला खिळून उभे राहतात. चहावाला तबक घेऊन फिरत होता. कमरेत निमुळता झालेला छोटा काचेचा पेला, बशीत दोन साखरेचे खडे, दूध अजिबात नाही. पेला इतका गरम असतो की तो काठाशीच धरावा लागतो. शेजारच्या एका वृद्ध बाईंनी मला तो कसा धरायचा, ते स्वतःच्या बोटांनी दाखवले आणि पिशवीतल्या तिळाच्या कडबोळ्यासारख्या पावाचा अर्धा भाग माझ्या हाती दिला. उरलेल्या अर्ध्याचे तुकडे त्या बोटीबरोबर उडणाऱ्या समुद्रपक्ष्यांना घालत होत्या. आमच्यात एकही सामायिक भाषा नव्हती. कादिकॉयच्या बाजारात मासे, जैतून आणि लोणची यांच्या रांगा आहेत; राजवाडे आणि मशिदींपेक्षा माझे मन तिथे अधिक रमले.

शिवाजी पेठ
मी क्रूझच्या मुदपाकखान्यात काम करतो, सध्या सुट्टीवर घरी आलो आहे. बंदर आले की आम्हा कामगारांना पाळीनुसार दोन-तीन तासच मिळतात आणि काही जणांना तर प्रत्येक बंदरात जहाजावरच थांबावे लागते. एवढ्या वेळात फेरीसारखे दुसरे सुख नाही. सिडनीला आमचे जहाज ‘सर्क्युलर की’ या फेरीच्या धक्क्याच्या अगदी शेजारी लागते आणि मॅनलीची फेरी अर्ध्या तासाची आहे. वाटेत बंदराचे तोंड लागते, तिथे खुल्या समुद्राची लाट आत येते आणि एवढी मोठी फेरीही डोलू लागते. मॅनलीला उतरून किनाऱ्यावर चालायचे, घरी फोन करायचा आणि पुढच्या फेरीने परतायचे. दिवसभर भट्टीसमोर उभे राहिल्यावर अंगावर येणारे ते वारे मला फार मोलाचे वाटते.

प्रवाशांना कळकळीने सांगतो. जहाजाने ठरवलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते. तुम्ही स्वतःहून गेला असाल तर ते थांबणार नाही. म्हणून परतीची शेवटून दुसरी फेरी ठरवा आणि तिच्याही आधीची पकडा.

नागाळा पार्क
वरील सूचना न्यूयॉर्कला आम्हाला उपयोगी पडली असती, इतकी ती मोलाची आहे. तेथील स्टेटन आयलंड फेरी १९९७ पासून पायी प्रवाशांना विनामूल्य आहे आणि पंचवीस मिनिटांच्या त्या प्रवासात स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो. जाताना उजव्या बाजूला उभे राहावे. पलीकडे पोहोचल्यावर सर्वांना उतरावेच लागते आणि पुन्हा रांगेतून आत यावे लागते. तो वेळ हिशेबात धरलाच पाहिजे. संध्याकाळी नारिंगी बोट भरून घरी परतणारे नोकरदार पुतळ्याकडे पाहतही नव्हते, डोळे मिटून बसले होते.

शिवाजी पेठेच्या दादांना विचारायचे आहे : घड्याळ कोणते मानायचे?

शिवाजी पेठ
जहाजाचे. फोन किनाऱ्याच्या नेटवर्कवर गेला की आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो आणि जहाजाची वेळ तीच असेल, असे नाही. उतरण्यापूर्वी जहाजावरच्या घड्याळाशी मनगटी घड्याळ जुळवून घ्या. परत चढण्याची वेळ जहाज सुटण्याच्या बरीच आधी असते. ती उतरण्याच्या दाराशी फलकावर लिहिलेली असते, तिचा फोटो काढून ठेवा. जहाजाचे कार्ड आणि ओळखपत्र आतल्या खिशात ठेवा, कारण कठड्यावरून वाकून पाहताना वरच्या खिशातले सामान पाण्यात पडते.