शिलेदार कुठे गेला?

ऐतिहासिक युद्धांच्या कॉम्प्युटर गेममध्ये युनिफॉर्मचे रंग आणि बंदुकांच्या नळ्या बरोबर असल्या की खेळ इतिहासाला धरून झाला, असं काहींचं मत आहे; मला ते पटत नाही. फौज उभी कशी राहायची, ते आधी यायला हवं.

'एम्पायर : टोटल वॉर' या गेमचंच बघा. मोहीम सुरू होते १७०० साली आणि आपल्या हाती येतो 'मराठा संघ'. प्रत्यक्षात त्या मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, साताऱ्याला औरंगजेबाचा वेढा होता आणि सूत्रं ताराबाईंकडे आली. संघ, म्हणजे मराठा सरदारांची सैलसर युती, ही पुढची गोष्ट. सुरुवातच चुकली की पुढचं सैन्यही चुकतं.

मला सगळ्यात खटकतं ते घोडदळ. बारगीर सरकारी घोड्यावर बसायचा, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन यायचा. घोडा मेला तर शिलेदाराची रोजीरोटीच गेली! असा माणूस समोरच्या तोफांवर उगाच घोडा घालेल का? खेळात मात्र दोघं एकाच साच्याचे, पैसे टाकले की पुन्हा भरती.

पालखेडला, फेब्रुवारी १७२८ मध्ये, बाजीरावाने निजामाला कोंडलं ते पाणी आणि रसद तोडून. निजामाचा जड तोफखाना मागे पडला होता. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. हे खेळात उतरवायचं तर वैरण, पाणवठे आणि रोजची मजल मोजावी लागेल. मॉड करणाऱ्यांनी, म्हणजे खेळात आपले बदल घालणाऱ्या हौशी मंडळींनी, नवी पागोटी रंगवण्याआधी एवढं तरी करावं, ही मनापासून विनंती.