मोंटानात ओढ्याकाठचं रँच, घ्यावं का?

प्रश्न: अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात एक रँच (गुरं पाळायची मोठी जागा) बघून आलोय, मधून ओढा वाहतो, मागचं कुंपण ओलांडलं की थेट फॉरेस्ट सर्व्हिसचा, म्हणजे तिथल्या सरकारी वनखात्याचा डोंगर, बायको तर फिदाच, पण घेण्याआधी काय काय बघू?

– आधी पाणी बघ रे. ओढा जमिनीतून गेला म्हणजे पाणी तुझं, असं तिकडे नसतं. ज्याचा हक्क जुना त्याला आधी, ऑगस्टमध्ये धार बारीक झाली की नवा हक्कवाला कोरडा. पाण्याच्या हक्काच्या कागदावरची तारीख वाच.

– शिवाय १९८५च्या कायद्याने गळ टाकून मासे धरणारे पात्रातून चालत येऊ शकतात, पाणी नेहमी जिथवर चढतं त्या खुणेपर्यंत. हाकलता येत नाही!

– डोंगरावर गुरं चारायला परमिट लागतं, ते रँचसोबत आपोआप मिळत नाही.

– बापरे, एजंट नुसते ओढ्यातले ट्राउट मासे दाखवत होता.