मदत हवी आहे: हॉल रिकामा व्हायला २० सेकंद की पावणेआठ मिनिटं?

निशिगंधा_क: लेकीचा नववीचा प्रकल्प, परवा द्यायचाय. हॉल २५ मीटर लांब, माणूस सेकंदाला १.२५ मीटर चालतो, म्हणजे २० सेकंद. संमेलनाला तिने घड्याळ लावलं तर शेवटचं पोर पावणेआठ मिनिटांनी बाहेर! चुकतंय कुठे? लवकर सांगा प्लीज.

गोगलगाय: माणसं किती? दार केवढं? की पंचांगात बघू?

निशिगंधा_क: सॉरी. ६००. दार २ मीटर, एकच.

अण्णा_ठाणे: ताई, २० सेकंद हे एकट्या माणसाचे. गर्दीत हिशोब दाराचा. मीटरभर रुंदीतून सेकंदाला फार तर १.३ माणसं निघतात. २ मीटरला २.६. ६०० ला २.६ ने भागा, चार मिनिटांच्या आतबाहेर.

गोगलगाय: मग वरची चार मिनिटं कुठे गेली, अण्णा?

बंड्या: ढकलाढकली, दुसरं काय! गर्दीचा अभ्यास करणाऱ्या हेल्बिंग आणि मंडळींचा 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकातला २००० सालचा लेख बघा. घाई वाढली की दार तुंबतं, खांद्याला खांदा अडकून कमान बनते. उपाय पण दिलाय: दारासमोर जरा बाजूला खांब.

अण्णा_ठाणे: ते कॉम्प्युटरवर. शाळेत खांब घालून पोरांची डोकी फोडायची का?

मामलेदार: आग विझवायच्या सिलिंडरची मुदत बघा आधी.

डोंबिवलीकर: मुंबईच्या एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलाचा जिना, २९ सप्टेंबर २०१७ ची चेंगराचेंगरी. पाऊस म्हणून माणसं वरच थांबली, गाड्यांतून उतरणारी येतच राहिली. २३ जण गेले. निघणाऱ्यांपेक्षा येणारे जास्त की मधे दाटी वाढतच जाते. चौरस मीटरला सहा-सात झाले की पाय आपले राहत नाहीत, लाट नेईल तिकडे. मी रोज ८.१२ ला हे जगतो, पण आमचं कोण ऐकतंय.

गोगलगाय: निशिगंधा, दाराच्या दोन्ही फळ्या उघड्या होत्या का?

निशिगंधा_क: विचारलं आत्ता. डावीला वरून कडी, मागे खुर्च्यांची चळत. "ती कधीच उघडत नाहीत गं आई" म्हणे!

अण्णा_ठाणे: मग दार १ मीटर! ६०० भागिले १.३, ४६२ सेकंद. ७ मिनिटं ४२.

निशिगंधा_क: अय्या, जुळलं! कमानीचं चित्र पण काढायला सांगू का?

बंड्या: सांगा. खांबासकट.

अण्णा_ठाणे: खांब नको. मुळात जुळलंय ते ढकलाढकली न धरता.

मामलेदार: सिलिंडरचं कोणी बोललंच नाही.