टर्मिनलसाठी (कमांड टाइप करायची खिडकी) सुटसुटीत मोनोस्पेस फॉन्ट (सगळी अक्षरं सारख्याच रुंदीची) कोणता?

घाटमाथा:
नोकरी बदलली, विंडोजचा लॅपटॉप परत केला. घरी उबुंटू लिनक्स आहे, त्यावर विंडोजचा कन्सोलास फॉन्ट येत नाही. सध्या डेजाव्हू सान्स मोनो लावलाय, पण तो फार पसरट वाटतो. दोन फाइली शेजारीशेजारी उघडल्या की ओळी मोडतात. फुकट मिळेल आणि शून्य-ओ वेगळे दिसतील असं काही आहे का? दुसरं म्हणजे, सोसायटीच्या वर्गणीची यादी छोट्या स्क्रिप्टने छापतो. नावं मराठीत टाकली की रकान्यांची पार वाट लागते.

तिरपी_रेघ:
इन्कन्सोलाटा लावा. राफ लेव्हियनने तो कन्सोलासवरूनच स्फूर्ती घेऊन केलाय, त्यामुळे परका वाटणार नाही. मुळात छापील कोडसाठी काढलेला, पण स्क्रीनवरही छान दिसतो. त्यातलं प्रत्येक अक्षर पॉइंट साइझच्या निम्म्या रुंदीचं असतं, डेजाव्हूचं साधारण 60 टक्के. म्हणजे 80 अक्षरं मावायची तिथे आता 96.

मोनोस्पेस निवडताना मी आधी स्मॉल आय आणि एम बघते. आय किडकिडीत, पण जागा तेवढीच भरायची, म्हणून फॉन्ट सान्स (टोकांना पट्ट्या नसलेला) असूनही त्याला पट्ट्या जोडतात. एमचे तीन पाय त्याच जागेत कोंबायचे; कुणी मधला आखूड करतं, कुणी रेघा बारीक करतं. एम काळा डाग दिसला की तो फॉन्ट बाद! शून्यात तिरपी रेघ हवीच (माझं नाव बघा).

सेमीकोलन:
जेटब्रेन्स मोनो पण बघा. स्मॉल अक्षरं उंच आहेत, लिगेचरही (दोन-तीन चिन्हं जोडून एकच आकृती) मिळतात.

तिरपी_रेघ:
चांगला आहे, पण रुंदी पुन्हा 60 टक्केच. आणि लिगेचर मला झेपत नाहीत. दोन चिन्हं टाइप केली तर दोनच दिसावीत.

मराठी रकान्यांचा दोष मात्र फॉन्टच्या माथी मारू नका. 'क्ष' घ्या: क, हलन्त, ष. बहुतेक टर्मिनल हलन्ताला शून्य आणि क, ष यांना एकेक घर (एका अक्षराची जागा) देतात, म्हणजे हिशेबात दोन घरं. पण कागदावर अक्षर एकच. जुन्या मराठी टाइपरायटरवर हे निभायचं, कारण अर्धं अक्षर आणि काना वेगळे ठोकायचे, आणि मात्रा-उकाराच्या कळा गाडा पुढे सरकवतच नसत.

यादी सरळ लिबरऑफिस रायटरमध्ये टेबल करून छापा. रकमा उजवीकडे लावा आणि फॉन्टच्या फीचर्समध्ये टॅब्युलर आकडे (सगळे सारख्या रुंदीचे) असतील तर ते चालू करा. आकडे एकाखाली एक बसतात. त्यासाठी अख्खा मजकूर मोनोस्पेस करायची गरज नाही.

घाटमाथा:
लावला. एम बरा आहे, पण 12 पॉइंटला जरा बारीक वाटतोय.

तिरपी_रेघ:
13 करा. तरी 88 मावतात.